सर्वांस प्रवेश मुक्त

व्याख्यानमालेच्या हस्तपत्रकाच्या तळाशी ‘सर्वांस प्रवेश मुक्त’ ही ओळ असतेच. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे ही चाल महाराष्ट्रातील गावोगावी गेली. तिच्याबरोबर ही ओळही गेली. तिच्यातील ‘सर्वांस’ या एका शब्दाचा हिशेब मांडावा असा आमचा विचार आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. सभेला कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हे आधी पाहण्याची आम्हांस सवय आहे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. आता ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदांवर आला आहे. नाव बदलले याचा आनंदच आहे. पण सभागृहाच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच आहेत.

आपल्या नेऱ्याचेच पाहू. पनवेलकरांपुढे नेऱ्याचे नाव काढले की त्यांना शांतिवन आठवते. कुष्ठरोग निवारण समितीने माथेरानच्या डोंगराकडील या वाटेवर वसविलेली ही वस्ती. तेथील बरे झालेला मनुष्य उद्या तुमच्या व्याख्यानाला आला, तर त्याला काय अडेल? ‘लोक बिचकतील’ असे उत्तर चटकन मिळते, आणि ते खोटेही नाही. हा रोग जंतूंमुळे होतो हे नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 साली दाखविले. अनेक औषधांचा एकत्रित उपचार 1981 पासून जगभर सुरू झाला. तो घेऊ लागलेल्या रोग्यापासून थोड्याच दिवसांत लागणीचे भय उरत नाही. तरी 1898 चा लेपर्स कायदा पुसायला 2016 साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहाच्या कायद्यांतून निघायला 2019. मग शेजारची खुर्ची रिकामी राहिली तर नवल ते काय?

परंतु बिचकण्याखेरीज दुसऱ्याही अडचणी आहेत, आणि त्या आमच्या ध्यानी येत नाहीत. हा रोग मज्जातंतूंना खातो. रोग गेला तरी हातापायांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. आता सभागृहाच्या दारावरची पाटी वाचा : ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ तुम्हांआम्हांस ही साधी शिस्त आहे. ज्याच्या तळव्याला खडा, खिळा किंवा वैशाखात तापलेली फरशी कळतच नाही, त्याला ही पाटी म्हणजे जखमेचे आमंत्रण आहे. जखम दुखत नाही, म्हणून तो चालत राहतो. ती चिघळते आणि कधी कधी बोटे जातात. त्याच्या पायातील मऊ रबरी तळाची चप्पल, जिला एमसीआर चप्पल म्हणतात, ती नुसती चप्पल नव्हे, औषधच आहे. स्वयंसेवकाने ती काढायला लावू नये. काढणे भागच असेल तेथे जाड सतरंजी आधी घालावी, आणि तीवर खडा नाही हे हात फिरवून पाहावे. मध्यंतरातला चहाही असाच. स्टीलच्या पेल्यातला वाफाळता चहा त्याच्या हाताला पोळतो आणि त्याला कळत नाही. दांडीचा जाड कप द्यावा. काहींच्या पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, तेव्हा मोठ्या पंख्याचा झोत पहिल्या रांगेच्या तोंडावर नसावा. यांतील एकाही गोष्टीला वर्गणी वाढवावी लागत नाही.

आणि मग वक्ता उभा राहतो व म्हणतो, ‘भ्रष्टाचार हा देशाला जडलेला महारोग आहे!’ टाळ्या पडतात. ज्याने तो रोग अंगावर काढला तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. सरकार बहिरे, न्याय आंधळा, सबब लंगडी ही आपल्या वक्तृत्वाची ठरलेली नाणी आहेत. मोर्चातल्या घोषणाही त्यांतून सुटलेल्या नाहीत. भाषेतले सगळे वाक्प्रचार उपटून काढा असे आमचे म्हणणे नाही. पण जो समोर बसला आहे त्याचे दुखणे शिवी म्हणून वापरू नये, एवढे तर मान्य व्हावे.

आता कानाकडे वळू, कारण हा विषय आमच्या धंद्याचा आहे. गिरणीच्या साचेखात्यात किंवा कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये वर्षे काढलेल्या मनुष्याचे कान जातात. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा कामाने जडलेला आजार म्हणून नोंदलेला होता. पण हे कान सरसकट जात नाहीत. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजने विरतात. बोलतोय हे कळते, काय बोलतोय हे कळत नाही. अशा माणसापुढे ओरडून उपयोग नाही, ओरडण्याने स्वर फुगतात आणि व्यंजने तशीच राहतात. सावकाश व स्पष्ट बोलावे, आकडा दोनदा सांगावा. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत पगारवाढीचा केवढा फरक पडतो! आकडा सांगताना बोटे वर केली तर आणखी बरे.

मराठीची एक खोड येथे सांगितली पाहिजे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. वक्त्याचा श्वास तर नेमका वाक्याच्या शेवटी संपतो. ‘मालक यंदा बोनस देणार’ एवढे मागच्या रांगेत पोहोचते आणि ‘नाही’ व्यासपीठावरच राहते. म्हणून वाक्य आखूड करावे आणि शेवटच्या शब्दाला पहिल्या शब्दाइतका दम द्यावा. वक्तृत्वाच्या स्पर्धांत हे कोणी शिकवीत नाही, तेथे सुरुवातीचा श्लोक शिकवितात.

कमी ऐकणारा मनुष्य कानांबरोबर डोळ्यांनीही ऐकतो. त्यासाठी वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा. मागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो. ध्वनिक्षेपक हनुवटीखाली ठेवावा, ओठांपुढे नको. ओठांवरून सगळे कळते असे मात्र नाही : पाप, बाप आणि माप हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात. कर्णयंत्र वापरणाऱ्यांसाठी सभागृहाभोवती तारेचे एक वेटोळे बसविता येते. ते ध्वनिक्षेपकाला जोडले की ज्या यंत्रांत तशी सोय आहे त्यांत वक्त्याचा आवाज थेट येतो, खोकणे आणि खुर्च्यांचा खडखडाट वगळून. नाट्यगृह बांधतानाच नगरपालिकांनी हा विचार करावा.

जन्मतः बहिऱ्या माणसांची गोष्ट निराळी आहे. त्यांची खुणांची भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीत 2015 साली तिच्यासाठी राष्ट्रीय केंद्र निघाले, 2018 साली 3,000 शब्दांचा कोश आला आणि 2021 पर्यंत तो 10,000 शब्दांवर गेला. दुभाष्याला वक्त्याशेजारी उजेडात उभे करावे, भाषणातली नावे आदल्या दिवशी कळवावीत. तासाभराच्या व्याख्यानाला दोन दुभाषे लागतात. वीस मिनिटांत हात आणि डोके दोन्ही थकतात. अर्थात, रिक्षावरच्या कर्ण्याने जाहिरात केली असेल तर ही मंडळी येणारच कशी? शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्याच्या गल्ल्यांतून थाळी वाजवून आपल्या व्याख्यानाची दवंडी देत, असे सांगतात. आज थाळीबरोबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत फलक आणि मोबाइलवर लेखी निरोपही हवा.

अंधांसाठी वक्त्याने एकच सवय लावून घ्यावी : ‘हा पाहा नकाशा’ असे म्हणून गप्प राहू नये, नकाशात काय आहे ते सांगावे. डोळस श्रोत्यांनाही ते बरेच वेळा कळलेले नसते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. तीन फुटी व्यासपीठाला छत्तीस फूट. तेवढी जागा नसेल तर व्यासपीठच नको, सगळ्यांनीच जमिनीवरून बोलावे. चाकाच्या खुर्चीतला मनुष्य नेहमी श्रोताच असेल असे धरून चालणेही बरे नव्हे.

राहिला प्रश्नोत्तरांचा भाग. ज्याची बोटे आखडली आहेत त्याच्यापुढे दुसऱ्याने ध्वनिक्षेपक धरावा. जो अडखळत बोलतो त्याचे वाक्य अध्यक्षांनी पुरे करू नये. ज्याला बोलता येत नाही त्याची चिठ्ठी पहिल्यांदा वाचावी. आणि हे सारे आभारप्रदर्शनाच्या आधी करावे, कारण नेऱ्याकडची गाडी आभार संपेपर्यंत थांबत नाही.