नव्या तबकडीचा शोध

“तुम्ही लोक नेहमीं नवें नवें वाजवितां, तें तुम्हांला सांपडतें तरी कोठें?” हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते कीं, डीजे म्हणजे यंत्राची कळ दाबणारा मनुष्य, आणि चिजा त्याच्याकडे आपोआप चालत येतात. गेलीं कित्येक वर्षें आम्ही डीप हाउस या जातीचें संगीत रात्रीच्या मैफलींतून वाजवीत आलों आहों. एक तास वाजवावयाचें तर त्यामागें ऐकण्याचे दहा तास सहज जातात, असा आमचा अनुभव आहे.

ज्या वाचकांस हें संगीत परिचित नाहीं त्यांच्यासाठीं थोडें मूळ सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील शिकागो शहरांत १९७७ सालीं ‘वेअरहाउस’ नांवाचें नृत्यगृह निघालें व तेथें फ्रँकी नकल्स हा तबकड्या वाजवूं लागला. त्या जागेच्या नांवावरूनच ‘हाउस’ हें नांव पडलें असें सामान्यतः मानतात. मिनिटास सुमारें १२० समान ठोके हा त्याचा कणा. पुढें १९८६ सालीं लॅरी हर्ड यानें ‘मिस्टर फिंगर्स’ या नांवानें ‘कॅन यू फील इट’ ही रचना प्रसिद्ध केली. मूळ रचनेंत शब्द नाहींत. खालच्या स्वरांत फिरणारी एक ओळ, आणि तीवर जाझच्या धर्तीचे लांबट, किंचित् उदास स्वरसमूह. डीप हाउसचा पाया तो हाच.

त्या काळीं नवी चीज मिळण्याची वाट सरळ होती. तरुण मंडळी घरीं ध्वनिफीत तयार करीत व ती थेट वाजविणाऱ्याच्या हातांत नेऊन देत. शिकागोच्याच ‘म्युझिक बॉक्स’ या ठिकाणीं रॉन हार्डी वाजवीत असे. त्याला ‘फ्यूचर’ या मंडळीनें अशीच एक फीत दिली. त्यानें ती एका रात्रींत चार वेळां लावली, असें त्या मंडळींतील डीजे पियर सांगतो. पहिल्यानें लोक नाच सोडून बाजूला झाले. चौथ्या वेळीं तेच लोक बेभान झाले. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नांवानें ती १९८७ सालीं तबकडीच्या रूपानें निघाली. तिची जात डीप हाउसहून निराळी, पण आमच्या धंद्यांत ही हकीकत ठाऊक नसलेला मनुष्य विरळा.

आज अडचण नेमकी उलट आहे. इंटरनेटवरील दुकानांतून दर आठवड्यास इतक्या चिजा येतात कीं, त्या नुसत्या चाळावयाच्या म्हटल्या तरी आठवडा पुरत नाहीं. मग मनुष्य खपाच्या यादीकडे वळतो. आम्हीही एकदां वळलों. कामाच्या गर्दींत ऐकावयास सवड झाली नाहीं, म्हणून यादींतील पहिल्या वीस चिजा तशाच उचलून नेल्या. मैफल संपल्यावर एक गृहस्थ सौम्यपणें म्हणाले, “कालच्या ठिकाणींही हेंच ऐकलें.” त्यांनीं तक्रार केली नव्हती, तरी तें वाक्य आम्हांला बरेच दिवस टोंचत राहिलें.

तेव्हांपासून आम्ही यादी न वाचतां नांवें वाचतों. एखादी चीज आवडली कीं, ती कोणीं रचली, कोणीं गाइली, कोणत्या संस्थेनें काढली, हें पाहावयाचें आणि एकेक धागा धरून मागें जावयाचें. लॅरी हर्डवरून रॉबर्ट ओवेन्सचा गळा सांपडतो, व त्यावरून त्यांच्या मंडळीचा १९८८ चा ‘अनदर साइड’ हा संग्रह. न्यू जर्सीचा केरी चँडलर हा दुसरा धागा. दक्षिण आफ्रिकेंत तर हें संगीत इतकें रुजलें आहे कीं, तेथील ब्लॅक कॉफी यास २०२२ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. दुसरा शिरस्ता असा कीं, चीज शेवटपर्यंत ऐकावयाची. डीप हाउसचें मर्म पुष्कळदां चौथ्या मिनिटास उघडतें. नमुन्याच्या तुकड्यांत तें कोठून सांपडणार?

आणि आवडलेली चीज विकत घ्यावयाची. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ज्यांनीं हें संगीत घडविलें त्या हर्ड व ओवेन्स यांना आपल्या जुन्या रचनांच्या हक्कांसाठीं २०२० सालीं न्यायालयांत जावें लागलें. दोन वर्षांनीं तडजोड झाली तेव्हां ते हक्क परत हातीं आले.

नवें तें नेहमीं याच वर्षाचें असतें असेंही नाहीं. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग विजेच्या वाद्यांवर, डिस्कोच्या ठेक्यांत बसवून एक तबकडी काढली. त्या वेळीं तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. पुढें ती एका डच संग्राहकाच्या हातीं लागली आणि २०१० सालीं नव्यानें निघाली. आम्ही ती मधून मधून मैफलीच्या मध्यावर लावतों. मागाहून कोणी तरी येऊन विचारतोच, “ही या वर्षींची का?”