एडीएचडी आणि कारखान्यातील कामाची मांडणी

तलासरी तालुक्यातील वेवजी हे गाव गुजरातच्या सीमेला इतके खेटून आहे की पलीकडच्या सोळसुंब्याशी हद्दीचा वाद अधूनमधून डोके वर काढतो. तरीही उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या या भागातील तरुणांना ती सीमा जाता-येता जाणवतही नाही. ‘सांगितलेले विसरतो’, ‘एका जागी टिकत नाही’ असे शेरे मिळून ज्यांचे काम सुटते, त्यांतील काहींना एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता ही लक्षणे असलेला मेंदूच्या वाढीशी निगडित विकार असू शकतो, ही शक्यता ठेकेदाराच्याच काय, त्या तरुणाच्याही मनात सहसा येत नाही.

निदानाच्या प्रचलित निकषांनुसार या विकाराची काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावी लागतात, मात्र अनेकांत ती प्रौढपणीही टिकून राहतात. बुद्धीशी त्याचा संबंध नसतो. अडखळते ते सूचना मनात धरून ठेवणे, वेळेचा अदमास घेणे आणि कंटाळवाण्या कामाला हात घालणे. म्हणूनच बिघडलेल्या यंत्रापाशी तासन्‌तास रमणारा कामगार नोंदवहीतील दोन ओळी मात्र रोज विसरतो, आणि हा विरोधाभास पाहून सुपरवायझर त्याला लबाड ठरवतो, जे समजण्याजोगे असले तरी चूकच आहे.

यंत्रांच्या आवाजात, घरी वारली बोलणाऱ्या कामगाराला घाईघाईने हिंदीत वा गुजरातीत एका दमात पाच गोष्टी सांगितल्या, तर अवधान शाबूत असलेल्याच्याही दोन निसटतील. त्याच गोष्टी क्रमाने फळ्यावर लिहिणे किंवा चित्रांनी दाखवणे, मोठ्या कामाचे छोटे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याअखेर पाहणी करणे, आणि या विकारात झोपेच्या तक्रारी पुष्कळदा आढळत असल्याने पाळी शक्यतो न बदलणे, एवढ्याने बराच फरक पडू शकतो. धोक्याच्या यंत्रावर तर ही खबरदारी सर्वांच्याच हिताची आहे. औषधोपचार हा मनोविकारतज्ज्ञाचा प्रांत. त्यात मालकाने पडू नये.

कायद्याचा आधार येथे अर्धवट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ‘वाजवी सोयीसुविधा’, म्हणजे आस्थापनेवर अवाजवी भार न टाकता केलेले आवश्यक बदल, ही संकल्पना मांडतो आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला लावतो. हा केंद्रीय कायदा असल्याने वेवजीत आणि उंबरगावात तो सारखाच लागू होतो. परंतु त्याच्या २१ दिव्यांगतांच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता असूनही एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक दिव्यांगतेशी निगडित वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे म्हटले; तथापि कंत्राटी मजूर न्यायालयापर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. यादीत नाव येण्याची वाट न पाहता कारखानदारांनी निदान कामाच्या सूचना लिहून लावायला सुरुवात करावी. त्यासाठी कोणाच्याही प्रमाणपत्राची गरज नाही.