पूर ओसरल्यानंतर उठणारा डास

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेले म्हणजे इशारा आणि ४३ फुटांवर गेले म्हणजे धोका, हा हिशेब कोल्हापुरातील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असतो. आणि २०१९ व २०२१ या दोन्ही साली ते पाणी ५५ फुटांच्याही पलीकडे गेल्यापासून आषाढ-श्रावणात पातळीची विचारपूस हा तेथील घरोघरचा नित्यक्रमच होऊन बसला आहे. पाणी चढण्याची एवढी काळजी वाहणारे आपण ते उतरताना मागे काय ठेवून जाते याची चौकशी मात्र बेताचीच करतो. पडलेली घरे आणि कुजलेला ऊस यांचे पंचनामे होतात. पाण्याने मागे ठेवलेल्या डबक्यांची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही.

पुरावरच ज्याचा सारा संसार चालतो असा एक डास आहे. एडिस वेक्सन्स हे त्याचे शास्त्रीय नाव. माइगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८३० साली त्याचे प्रथम वर्णन केले, आणि हिंदुस्थानातील डासांविषयी बॅरॉड यांचा जो ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला त्यातही त्याचा समावेश आहे. युरोप, आशिया, आफ्रिका व उत्तर अमेरिका एवढा अफाट मुलूख त्याने व्यापलेला आहे. तपकिरी देह, पायांवर पांढरी अरुंद कडी आणि पोटाच्या प्रत्येक वळ्यावर मध्ये दबलेला पांढरा पट्टा, ही त्याची ओळख. अर्थात ती पटवून घेण्याइतका वेळ चावणारा डास आपणास क्वचितच देतो.

त्याचे खरे वैशिष्ट्य अंडी घालण्याच्या रीतीत आहे. घराभोवतीच्या गटारांतील क्युलेक्स डासाची मादी आपल्या अंड्यांचा तराफा थेट पाण्यावर सोडते. या डासाची मादी मात्र पाण्याला टाळून, ते नुकतेच जेथून ओसरले आहे अशा ओलसर मातीत, गवताच्या व पालापाचोळ्याच्या आडोशाला, सखल जागा हेरून एकेक अंडे घालते. काही दिवसांत आत गर्भ पूर्ण वाढतो आणि मग, वर जमीन वाळली, भेगाळली तरीही, कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे, तो तसाच निद्रिस्त राहतो. पुढे पाणी चढले, बुडालेला पाला कुजू लागला आणि त्या कुजण्याने पाण्यातील प्राणवायू घटू लागला, म्हणजे अंड्यास जाग येते. कारण ज्या पाण्यात प्राणवायू घटतो त्या पाण्यात सूक्ष्म जीवांची, म्हणजे अळीच्या अन्नाची, समृद्धी असते. तरीही सारी अंडी एकदम फुटत नाहीत. पहिल्याच पावसावर घरातले सगळे बियाणे न पेरणाऱ्या शहाण्या शेतकऱ्याप्रमाणे काही अंडी पुढील पुरासाठी शिलकीत राहतात, आणि म्हणूनच एका हंगामातील मोहिमेने या डासाचा कायमचा बंदोबस्त होत नाही.

वाहत्या धारेत किंवा बंधाऱ्याने अडवलेल्या डोहात त्याचा निभाव लागत नाही. तेथे प्रवाह आहे, मासे आहेत. त्याला हवा असतो तो चढउताराचा काठ. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली व आंबेवाडीची शिवारे, वीटभट्ट्यांसाठी माती काढलेले खड्डे, उसाच्या सऱ्या, आणि शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाभोवतीचे ते सखल रान, जेथे फुगवट्याचे पाणी चढते सावकाश आणि उतरतेही सावकाश, हे सारे असा काठ आहे. या तात्पुरत्या डबक्यांत चतुराच्या अळ्या व पाणभुंगे यांचे बस्तान बसण्यापूर्वीच, श्रावणातील उबदार पाण्यात सात-दहा दिवसांत, अळीचा कोष व कोषाचा डास होऊन जातो. ही झुंड काही किलोमीटर सहज उडत जाते, तेव्हा नदीपासून दूर राहणाऱ्यांनीही निर्धास्त असू नये.

रोगाच्या बाबतीत मात्र या डासावर भलते आरोप करणे न्यायाचे नाही. आफ्रिकेतील सेनेगलमध्ये त्याची एक उपजात गुराढोरांना व माणसांना होणाऱ्या रिफ्ट व्हॅली तापाचा प्रसार करते, हे खरे. पण आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तो डेंगी मुख्यतः एडिस इजिप्ती पसरवतो, आणि त्याची पैदास नदीकाठी नव्हे, तर पूर येताच पाणीपुरवठा बंद पडल्यामुळे आपणच भरून ठेवलेल्या पिंपांत व हौदांत होते. सर्व डासांस एकाच काठीने हाकण्याची आपली सवय येथे निरुपयोगी ठरते.

बंदोबस्ताचे पाहायचे तर, ऱ्हाईन नदीच्या काठच्या जर्मन गावांनी व शहरांनी १९७६ साली एकत्र येऊन पुराच्या डासाविरुद्ध कायमची संघटना उभारली, आणि त्याच साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला एक जिवाणू, जो अळीच्या आतड्यात विष बनतो आणि माशांना अपाय करीत नाही, तो पुढे त्यांनी पूरक्षेत्रावर हेलिकॉप्टरने शिंपडण्याची तजवीज केली. आपल्याकडे धुराची गाडी फिरते ती बहुधा डास उडू लागल्यावर. माझ्या मते ती लोकांच्या समाधानापुरती असते. गप्पी मासेही पंधरवड्यात आटणाऱ्या डबक्यात सोडून उपयोग नाही. ग्रामपंचायतींनी पाणी उतरू लागल्याच्या दिवसापासून दिवस मोजावेत, पहिल्या आठवड्यातच सखल जागांना चर काढून पाणी नदीकडे वळवावे, जेथे ते वळत नाही तेथे अळीनाशक टाकावे, आणि घरोघरच्या मंडळींनी त्याच आठवड्यात आपापली पिंपे घासून कोरडी करावीत.