छोट्या गाडीची ताकद : कशाने वाढते, किती वाढते आणि काय महागात पडते

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. तरीही आपल्या गावोगावच्या बाजारपेठांत ती आजही दिसते. पंधरा वर्षे पूर्ण झाली की गाडीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि लोक ती घेतात, कारण कमी खर्चात चार माणसे आणि दोन गठ्ठे माल नेणारे दुसरे वाहन त्या किमतीत मिळत नाही. अशी जुनी गाडी तरुण मुलाच्या हाती गेली की त्याचा पहिला प्रश्न असतो, "हिचा पिकअप वाढवता येईल का?" हा प्रश्न ज्या गॅरेजमध्ये विचारला जातो, तेथील मिस्त्री पुष्कळदा आपल्याच बिरादरीतला असतो. म्हणजे पैसे देणारा आपला आणि घेणाराही आपला. दोघांनाही या कामाचा खरा हिशेब माहीत असणे जरूर आहे.

इंजिनाची ताकद पेट्रोलमधून येते असे आपण म्हणतो. वास्तविक ती हवेतून येते. पेट्रोल हवे तितके ओतता येईल, परंतु ते जाळण्यासाठी लागणारी हवा इंजिनाला ओढून घ्यावी लागते. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला पाच हजार फेरे धरले तर जास्तीत जास्त सुमारे दोन हजार लिटर हवा आत जाते, आणि तेवढ्यावर सुमारे ३७ ते ४० हॉर्सपॉवर निघते. यापेक्षा जास्त हवी असेल तर मार्ग तीनच. एका फेऱ्यात जास्त हवा भरावी, मिनिटाला जास्त फेरे मारावेत, किंवा भरलेली हवा अधिक दाबून जाळावी. बाजारात विकली जाणारी प्रत्येक वस्तू या तिघांपैकी कोणते काम करते हे विचारून पाहावे. कोणतेच करत नसेल तर ती शोभेची वस्तू आहे.

यंत्रमागवाल्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. मिनिटाला दीडशे फटके मारणाऱ्या साध्या मागाची पुली बदलली की तो जास्त पळतो. पण सूत तेच, धोटा तोच आणि फण्याही त्याच राहिल्या तर ताण्याच्या तारा तुटू लागतात. कारागीर तार जोडण्यातच दिवस घालवतो आणि संध्याकाळी कापड पूर्वीपेक्षा कमीच निघते. इंजिनाचेही असेच आहे.

जपानात हे काम कारखान्याने स्वतः करून दाखवले. तिकडे छोट्या गाड्यांना करात सवलत असते, मात्र इंजिनाच्या आकारावर बंधन असते. १९७६ पासून ही मर्यादा ५५० सीसी होती आणि १९९० मध्ये ती ६६० सीसी झाली. १९८७ साली सुझुकीने 'अल्टो वर्क्स' नावाची गाडी काढली. आपल्याकडे १९८६ नंतर मारुती ८०० ज्या नव्या बांध्यात आली, तोच हा बांधा. इंजिन मात्र ५४३ सीसीचे, आपल्या गाडीपेक्षाही लहान, आणि ताकद ६४ हॉर्सपॉवर! हा आकडा इतका गाजला की तेथील कंपन्यांनी आपसात समजूत करून या वर्गातील गाड्यांची ताकद ६४ वरच थांबवली.

हे कसे साधले? त्यांनी हवा दाबून भरणारा टर्बो बसवला, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले, त्यांना चालवणारे दोन कॅमशाफ्ट दिले आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन लावले. ही ताकद मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर मिळत होती, म्हणून आतले सारे भागही त्या वेगाला टिकतील असे घ्यावे लागले. आपल्याकडे याच बांध्याच्या गाडीला कोपऱ्यावरच्या दुकानातील एक फिल्टर लावून 'रेसिंग' म्हटले जाते. असो.

भारतातही अभ्यासपूर्वक काम झाले आहे. कोइम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातील एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन घेऊन शर्यतीची एक माणूस बसेल अशी गाडी तयार केली. ती 'फॉर्म्युला मारुती' म्हणून ओळखली गेली. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाडीवर शर्यत करत होते. अवजड बॉडी नाही, मागे सीट नाही, जमिनीलगत बसलेला हलका सांगाडा, त्यामुळे त्याच लहान इंजिनातून शर्यतीचा वेग मिळाला. करिवर्धन यांचे १९९५ साली निधन झाले. कोइम्बतूरजवळचा शर्यतीचा ट्रॅक आज त्यांच्या नावाने आहे. कापडाच्या धंद्यातील माणसाने हे केले याचे आम्हाला विशेष वाटते, हे कबूल करावयास हरकत नाही.

आता बाजारातील मालाकडे वळू.

पहिला माल म्हणजे उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. हवा मोकळी येते हे खरे. परंतु तो बोनेटच्या आत बसवला जातो आणि तेथील हवा बाहेरच्यापेक्षा फार गरम असते. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे मोकळ्या वाटेने जे मिळवले ते उष्णतेने परत जाते. वर इंजिन हवा ओढताना घोघो आवाज करते, आणि ऐकणाऱ्याला ताकद वाढल्यासारखे वाटते. कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक अडचण आहे. हवा वाढली आणि जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ होते, गाडी अडखळते, इंजिन तापते. फिल्टर बदलून जेट न तपासणारा मिस्त्री अर्धेच काम करून पूर्ण पैसे घेत आहे.

दुसरा माल फ्री फ्लो सायलेन्सर. शास्त्रोक्त पद्धतीने, पाइपांची लांबी आणि व्यास हिशेबाने घेऊन केलेला असेल तर वरच्या फेऱ्यांवर थोडा फायदा होतो. पण बहुतेक ठिकाणी मोठ्या गाडीचा जाड पाइप वेल्डिंग करून लावतात. लहान इंजिनाचा धूर जाड पाइपात मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ कमी होते. बाजारात, चढावर, माल भरलेला असताना आपल्याला ओढ खालीच लागते. नव्या गाड्यांत तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला जातो. मग पीयूसी मिळत नाही, किंवा 'मिळवावी' लागते. आवाजासाठी पोलीस दंड करतात तो वेगळाच. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

तिसरे काम हेडचे. हेड उतरवून घासायचे म्हणजे दाब वाढतो, आणि हवेच्या वाटा आतून गुळगुळीत करायच्या. हे खरे कारागिरीचे काम आहे. ज्याच्या हाताला सवय आहे तो यातून काही टक्के ताकद निश्चित काढतो. परंतु दाब फाजील वाढला तर पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याची वाट न पाहता आपोआप पेटते. चढावर इंजिनातून खडखड येऊ लागते ती याचीच. हे नॉकिंग दुर्लक्षिले तर हेड गॅस्केट जाते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. किती मिलिमीटर घासले हे मोजून कागदावर लिहून देणारा उस्ताद असेल तरच हे काम करवून घ्यावे.

चौथे, इंजेक्शनच्या गाड्यांतील कॉम्प्युटरची सेटिंग बदलणे. टर्बो असलेल्या इंजिनात यातून बरीच ताकद मिळते, कारण हवेचा दाबच वाढवता येतो. बिनटर्बोच्या लहान पेट्रोल इंजिनात दाबायला काही नसते, त्यामुळे लाभ अगदी थोडा.

पेट्रोलच्या नळीवर बांधावयाचे चुंबक आणि बॅटरीला जोडायच्या डब्या यांबद्दल एवढेच सांगतो की अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी अशी शंभराहून अधिक साधने तपासली, आणि अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही निघाले नाही.

मोठी चाके लावण्याचीही हौस असते. मारुती ८०० चा टायर १४५/७० आर १२, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर. त्याजागी १५५/६५ आर १३ लावला तर व्यास सुमारे ५३२ होतो. फरक जवळजवळ पाच टक्के. इंजिनाची ओढ चाकापर्यंत तेवढी कमी पोचते आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या आसपास असते. पिकअप वाढवण्यासाठी आलेला मुलगा स्वतःच्या पैशाने पिकअप घटवून जातो.

ब्रेकचा विषय मात्र हौसेचा नाही. धावत्या गाडीत साठलेली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० वरून ८० वर गेलो तर वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण ब्रेकला शोषावी लागणारी शक्ती ७८ टक्क्यांनी. कारखान्याने ब्रेक मूळ इंजिनाच्या हिशेबाने दिलेले असतात. जो इंजिनाला हात लावतो आणि ब्रेकला लावत नाही, त्याच्या हाती ग्राहकाच्या पोराबाळांचा जीव अमानत आहे.

यापुढची पायरी म्हणजे इंजिनच बदलणे. ८०० मध्ये झेनचे ९९३ सीसीचे किंवा एस्टीमचे १३०० सीसीचे इंजिन बसवणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांची कारागिरी नाकारता येणार नाही. पण कायदा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मान्यताप्राप्त सीएनजी किट आर.टी.ओ.कडे नोंदवून बसवता येते, ती वेगळी बाब. दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. अपघातानंतर सर्व्हेअर बोनेट उघडतो, इंजिन नंबर आर.सी. बुकाशी जुळवतो, आणि न कळवलेला बदल दिसला की क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळते.

मग ताकद मिळवायची कशी? बहुतेक जुन्या गाड्यांत ती वाढवायची नसून परत आणायची असते. प्रथम तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकाचे फार कमी आले तर बाकी सर्व खर्च व्यर्थ आहे. नंतर टॅपेट, टायमिंग, प्लग, कागदी फिल्टर, क्लच घसरतो का, आणि चारही चाके हाताने फिरवून ब्रेक चिकटतो का, हे पाहावे. चिकटलेला ब्रेक रोज ताकद खातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. वजनाचाही हिशेब करावा. गाडी सुमारे साडेसहाशे किलोची. एकटा चालक बसला तर एकूण सातशे पंधरा धरा. चार माणसे आणि शंभर किलो कापड भरले की हजाराच्या वर, म्हणजे चाळीस टक्के वाढ. आमच्या धंद्यातील बऱ्याच जणांच्या डिकीत गेल्या मोसमाचे नमुने वर्षभर फिरत असतात. ते साठ किलो उतरवले तर भरल्या गाडीत सुमारे सहा टक्के ताकद वाढल्यासारखे होते, आणि तेही फुकट.

आजच्या घडीला जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत सर्वांत उपयोगी काम इंधनाचे आहे. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी शक्ती असते, आणि जेट मूळ पेट्रोलच्या हिशेबाचा असल्याने मिश्रण पातळ होते. योग्य मापाचा जेट बसवून सेटिंग केली की अडखळणे थांबते. त्याबरोबर रबरी नळ्या बदलाव्यात, कारण जुने रबर इथेनॉलने फुगते, चिरते, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. हे प्रामाणिक काम आहे, त्यात मिस्त्रीला मजुरीही चांगली मिळते आणि ग्राहक परत येतो.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहते. हेड घासलेले, सेटिंग बदललेली किंवा इंजिन बदललेले असेल तर ते ग्राहकाला सौद्याआधी सांगितले पाहिजे. मालातील ऐब लपवून विकल्यास खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क शरीअतने दिला आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. कापडात डाग असेल तर आपण थान उलगडून दाखवतो, गाडीत तो बोनेट उघडून दाखवावा लागतो. घेणाऱ्यानेही पैसे मोजण्यापूर्वी इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः पुसून, वाचून आर.सी.शी ताडून पाहावेत. नंबर घासलेला किंवा अस्पष्ट दिसला तर गाडी कितीही जोरात पळत असली तरी घेऊ नये.