घरातील पक्षी व वटवाघळांचे निष्कासन (रायगड किनारा)

घरातील पक्षी व वटवाघळांचे निष्कासन म्हणजे छप्पर, पोटमाळा किंवा वळचणीत वस्ती करणाऱ्या पक्ष्यांना व वटवाघळांना इजा न करता बाहेर काढून त्यांचे प्रवेशमार्ग बंद करण्याचे व्यावसायिक काम होय. रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या किनारी तालुक्यांतील कौलारू घरांना त्याची गरज भासते.

उपद्रव

कौलांमधील फटींतून कीटकभक्षी वटवाघळे माळ्यावर शिरतात; पारवे तुळयांवर घरटी करतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे विकार संभवतात. म्हणून ती कोरडी न झाडता ओली करून, मुखपट्टी लावून काढतात.

पद्धत

जाणकार कारागीर प्रथम तिन्हीसांजेला वटवाघळे बाहेर पडण्याच्या फटी हेरतो. त्यांवर खालून मोकळी जाळी टांगली जाते. तीतून प्राणी बाहेर पडतो, परंतु परत शिरू शकत नाही. काही रात्रींनंतर माळा रिकामा असल्याची खात्री करून फटी बुजवतात. न उडणारी पिल्ले असल्यास काम थांबवावे लागते, अन्यथा ती आत उपासमारीने मरतात. पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीत कौले नीट बसवून फटी बंद होतात; त्यामुळे त्या आधी ही तपासणी आवश्यक ठरते. पारव्यांसाठी रिकाम्या जागांवर जाळी लावतात.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची घरटी वा अंडी यांना धक्का लावणे ‘शिकार’ या व्याख्येत येते. फळभक्षी वटवाघळे पूर्वी ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळली. कीटकनाशक फवारणीचा परवाना हा वन्यप्राणी पकडण्याचा किंवा मारण्याचा परवाना नव्हे. शंका असल्यास वनविभागाचा सल्ला घेता येतो.