कॅम्पर व्हॅनसाठी सोलर चार्ज कंट्रोलर: पीडब्ल्यूएम की एमपीपीटी?

छतावर १०० वॅटचं पॅनेल, पण बॅटरीत जेमतेम ७० वॅट जातात? दोष पॅनेलचा नसेलही. असं पॅनेल भर उन्हात साधारण १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देतं. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली आणतो. १३ × ५.५ म्हणजे सुमारे ७१ वॅट, बाकीचे वाया. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो, म्हणून तो महाग.

एकच छोटं पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम पुरे. जास्त पॅनेल असतील तर एमपीपीटी घ्या.

साइज कशी काढायची? एकूण वॅट भागिले १२. ४०० वॅटला ३३ अँपिअर, म्हणजे ४० अँपिअरचा कंट्रोलर.

पॅनेल सिरीजमध्ये जोडणार असाल तर कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा आधी बघा. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. मर्यादा ओलांडली तर कंट्रोलर जळू शकतो.