सोलच्या राजवाड्यातील दगड आणि अक्षरं

राजवाडा पाहायला जायचं म्हणजे झुंबरं, सिंहासनं आणि तलवारी पाहायच्या, अशी आपली समजूत असते. दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथल्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात असा झगमगाट फारसा नाही. रंगवलेले लाकडी खांब, कौलारू छपरं, पाठीशी डोंगर आणि दरबारापुढे भलंमोठं दगडी अंगण. या अंगणात दोन्ही बाजूंना हुद्दे कोरलेले दगड रांगेने उभे आहेत. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कुठे उभं राहायचं, हे त्यावरून ठरे. मुलकी अधिकारी पूर्वेला, लष्करी पश्चिमेला. राण्यांच्या महालामागे फुलापानांनी सजवलेली षटकोनी धुराडी दिसतात. चुलीचा गरम धूर जमिनीखालून फिरवून खोल्या उबदार ठेवायच्या आणि मग तो इथून बाहेर सोडायचा, अशी ही व्यवस्था.

जोसोन घराण्याने 1395 मध्ये हा वाडा उभारला. पुढे याच घराण्यातल्या सेजोंग राजाने इथे एक विलक्षण काम केलं. त्या काळी कोरियन लोक चिनी लिपी वापरत. ती शिकणं सामान्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. आपल्या प्रजेला मनातलं लिहिता येत नाही, याची खंत वाटून राजाने नवी लिपी घडवली आणि 1446 मध्ये ती जाहीर केली. अक्षरं 28. उच्चार करताना जीभ, ओठ, घसा यांचा जो आकार होतो, त्यावरून मूळ व्यंजनं बेतलेली. आपणही 'क'वर्ग कंठ्य, 'प'वर्ग ओष्ठ्य असं शिकतो. त्यामुळे मराठी माणसाला ही कल्पना चटकन उमगावी.

वाड्याच्या नशिबी मात्र हाल होते. 1592 च्या जपानी स्वारीच्या वेळी तो जळाला आणि पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. 1867 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. बहुतेक इमारती पाडल्या गेल्या आणि दरबाराच्या अगदी समोर, 1926 मध्ये, वसाहत सरकारची दगडी कचेरी आली. जुना वाडा तिच्याआड झाकला गेला.

कोरिया 15 ऑगस्ट 1945 रोजी मुक्त झाला. आपल्यालाही ही तारीख वेगळी सांगायला नको. पण त्या कचेरीचं काय करायचं? पुढे तिथेच राष्ट्रीय संग्रहालय भरलं होतं. काहींचं म्हणणं, अपमानाची खूण पाडून टाका. काहींचं म्हणणं, वाईट इतिहासही जपला पाहिजे. बरोबर पन्नास वर्षांनी, 15 ऑगस्ट 1995 रोजी, कळस उतरवून पाडकाम सुरू झालं. मात्र तो कळस आणि काही अवशेष फेकून दिले नाहीत. ते छनान शहराजवळच्या स्वातंत्र्य स्मारकात मांडले आहेत. कळस मुद्दाम खोल खड्ड्यात ठेवला आहे. पाहणाऱ्याने त्याच्याकडे खाली पाहावं! मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. राग विझला, आठवण राहिली.

वाड्याची पुनर्बांधणी आजही चालू आहे. ग्वांगह्वामुन या मुख्य दरवाजावर 2023 मध्ये नवी पाटी लागली, तीही जुन्या नमुन्याप्रमाणे चिनी अक्षरांत. ती सेजोंगच्या अक्षरांत हवी, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. दरवाजासमोरच्या चौकात सेजोंगचा पुतळा आहे आणि त्याच्या अवतीभवती सगळं शहर त्याचीच अक्षरं वाचत, लिहीत असतं. पाटीचा वाद मिटेल तेव्हा मिटेल. राजाचं काम तर केव्हाच फळाला आलं आहे.